नव्व्याण्णवांतली एक : दिल्लीत जुनी गाडी बघताना

दिल्लीला जायचं म्हटलं की लाल किल्ला, कुतुबमिनार आणि चांदणी चौकातले पराठे आठवतात. मीही याआधी तीनदा गेले ती याच यादीसाठी. यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र गेले ती एक जुनी गाडी बघायला. तीन दिवसांत लाल किल्ल्याकडे फिरकले नाही. तरीही या शहराबद्दल जे या वेळी कळलं, ते आधीच्या तीन सहलींत कळलं नव्हतं. तुमच्या घरातलंही कुणी नोकरीसाठी तिकडे असेल किंवा ‘दिल्लीत गाड्या स्वस्त मिळतात’ असं ऐकून तुम्ही जाहिराती चाळत असाल, तर हा प्रवास तुमच्या उपयोगी पडेल.

माझा भाचा गुरुग्रामला नोकरी करतो. एका रात्री त्याचा फोन आला, ‘‘आत्या, एक गाडी विकायला आहे. बाबांना सांगितलं तर ते नकोच म्हणतील. तू ये, बघ आणि खरं काय ते सांग.’’

मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण हा मुलगा गाडी चालवायला शिकला तो माझ्या भावाच्या पोलोवर. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ती गाडी आजही पुण्याच्या घरी उभी आहे. आता जी गाडी विकायला होती, तीही पोलोच होती, पण वेगळी. मी तिकीट काढलं.

कसली एवढी गाडी?

तिचं नाव फोक्सवॅगन पोलो जीटीआय. दिसायला छोटी हॅचबॅक, म्हणजे मागचं दार वर उघडणारी, डिकी वेगळी नसलेली. शेजारून गेली तर तुम्ही वळूनही बघणार नाही. फार तर पुढच्या जाळीवरची लाल रेघ दिसेल. पण आत १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९२ पीएसची ताकद आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक. शून्यापासून शंभरचा वेग ७.२ सेकंदांत. कंपनीने सांगितलेला कमाल वेग ताशी २३३ किलोमीटर.

ही चाकणला तयार झाली नाही. परदेशातून पूर्ण बांधून आली. २०१६च्या फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत ती मांडली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत शोरूमची किंमत जाहीर झाली २५ लाख ६५ हजार रुपये. छोट्या पोलोला एवढे पैसे कोण देणार, असं लोक म्हणाले. पुढच्या वर्षी किंमत २० लाखांच्या खाली आणावी लागली. भारतासाठी ठरवलेल्या गाड्या होत्या फक्त ९९.

या जीटीआय नावाचा इतिहासही गमतीचा आहे. १९७५ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिली गोल्फ जीटीआय आली, तेव्हा कंपनीचा विचार होता ५,००० गाड्या बनवून थांबायचं. थोड्याच लोकांसाठी काढलेली ती गाडी इतकी खपली, की पन्नास वर्षं झाली तरी ते नाव चालू आहे.

भारतात पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. जाता जाता चाकणहून ७०० गाड्यांची ‘लेजंड’ आवृत्ती निघाली. म्हणून पोलोवर जीव असलेल्या मंडळींना ही ९९ची यादी म्हणजे घराण्यातल्या सगळ्यात हुशार भावंडासारखी वाटते. भाच्याने पाच वर्षं साठवलेले पैसे त्यासाठी काढायची तयारी केली होती. मागितलेली किंमत आजच्या एखाद्या चांगल्या नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीएवढी होती. म्हणजे खेळण्यातला सौदा नव्हता.

नोएडाच्या तळघरात

गाडी नोएडातल्या एका सोसायटीच्या तळघरात होती. तुम्ही दिल्लीत मेट्रोने फिरला असाल तर अंतराची कल्पना येईल. गुरुग्रामहून पिवळी लाइन, राजीव चौकाला बदलून निळी लाइन. या प्रवासात तुम्ही हरियाणातून दिल्लीत आणि दिल्लीतून उत्तर प्रदेशात जाता. गाडीतून गेलात तर पाट्यांवरून कळतं : एचआर-२६ म्हणजे गुरुग्राम, डीएल म्हणजे दिल्ली, यूपी-१६ म्हणजे नोएडा. एकच शहर वाटतं, पण आरटीओ तीन राज्यांचे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

विकणारे पती-पत्नी तिशीतले. त्यांनीच नवी घेतलेली, नोंदणी जानेवारी २०१८, दिल्लीची. मी विचारलं, ‘‘एवढी आवडती गाडी का विकता?’’ गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने कडेवरच्या मुलीकडे बोट दाखवलं.

कारण लगेच समजलं. जीटीआयला बाजूंना दोनच दारं. कंपनीच्या भाषेत तीन दारांची, कारण मागचंही मोजतात. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून शिरायचं. लहान मुलीला तिच्या सीटमध्ये रोज असं बसवायचं म्हणजे कंबरेची परीक्षा.

भाचा म्हणाला, ‘‘आत्या, तू बसून बघ ना मागे.’’

मी बसले. शिरताना काही वाटलं नाही. चौकड्यांच्या कापडाच्या सीट छान घट्ट होत्या. बाहेर येताना मात्र उजव्या गुडघ्याने नकार दिला. शेवटी एका बाजूने भाचा, दुसऱ्या बाजूने त्या बाई, असं मला बाहेर काढलं. सगळे हसले, मीही हसले. पण तुम्ही कधी जुनी गाडी बघायला गेलात तर ही परीक्षा आधी घ्या. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मागे बसवा आणि उतरायला सांगा. जाहिरातीत ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते.

मग भाच्याने इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगितलं. गरम इंजिन दुखणी लपवतं, असं तो म्हणाला. तळघराच्या चढावर त्याने गाडी अगदी सावकाश, जवळजवळ मुंगीच्या पावलांनी चढवली. त्याला बघायचं होतं, की गाडी थरथरते का. हा ऑटोमॅटिक गिअर कोरड्या क्लचचा असतो. तासन्‌तास रांगत चालणाऱ्या वाहतुकीत तो तापतो आणि झिजतो. दिल्ली-गुरुग्राम रस्त्यावरची संध्याकाळ ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळं सांगायला नको. म्हणून ‘फार कमी चालली आहे’ एवढ्यावर खूश होऊ नका. कुठे चालली, हेही विचारा. ही गाडी थरथरली नाही.

दाराला धक्का लागला तर?

दुसऱ्या दिवशी आम्ही काश्मिरी गेटला गेलो. मेट्रोच्या तीन लाइन जिथे भेटतात, त्या स्टेशनातून वर आलं की मोटारींच्या सुट्या भागांचा जुना बाजार पसरलेला आहे. एकेक दुकान एकेका वस्तूचं : कुठे फक्त बेअरिंग, कुठे फक्त दिवे, कुठे फक्त आरसे. गल्लीत हातगाड्यांवरून इंजिनाचे भाग इकडून तिकडे जात असतात. चहा पीत उभं राहिलात तरी तासभर करमणूक.

भाच्याने दोन-तीन दुकानांत विचारणा केली. इंजिनाबद्दल उत्तर बरं होतं. १.८ टीएसआय जातीचं इंजिन आपल्याकडे स्कोडाच्या मोठ्या गाड्यांतही आलं होतं, त्यामुळे जाणते मेकॅनिक सापडतात. पण ‘तीन दारांच्या पोलोचं दार’ म्हटल्यावर दुकानदाराने चष्मा वर केला. चाकणच्या पोलोला चार दारं, तीही आखूड. या गाडीचं दार लांब. देशात ९९ गाड्या, तर तिची दारं शेल्फवर कोण ठेवणार? परदेशातून मागवायचं, वाट बघायची. म्हणजे पार्किंगमध्ये कुणी स्कूटर घासली तरी महिनोन्‌महिन्यांची काळजी.

दुर्मीळ वस्तूचा हा दुसरा चेहरा आहे. ९९ म्हटल्यावर आपल्याला अभिमान वाटतो. पण सुट्या भागांच्या बाजारात ९९ म्हणजे जवळजवळ शून्य. कुठलीही मर्यादित आवृत्तीची गाडी घेताना किमतीशिवाय एक रक्कम बाजूला ठेवावी लागते आणि धीरही ठेवावा लागतो.

गाडीला लिहून दिलेली तारीख

आता या शहराचा खरा विषय. आपल्या पुण्या-नागपुरात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मग गाडी तपासून घ्यायची, फी भरायची, पुढची पाच वर्षं मिळतात. चांगली ठेवली तर पुन्हा पाच. दिल्ली-एनसीआरमध्ये तसं नाही. हवेच्या प्रदूषणामुळे राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये जुन्या गाड्यांवर बंदीचे आदेश दिले. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. डिझेलला १० वर्षं, पेट्रोलला १५. त्यानंतर गाडी कितीही धडधाकट असो, एनसीआरच्या रस्त्यावर नको.

१ जुलै २०२५ पासून तर दिल्लीतल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन द्यायचंच नाही, असं ठरलं होतं. कॅमेऱ्यांनी नंबरप्लेट वाचायच्या आणि गाडी अडवायची. लोक चिडले, काही दिवसांतच अंमल थांबला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं आणि डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. म्हणजे दार बंद झालं, किलकिलं झालं, पुन्हा अर्धं लोटलं गेलं. उद्या काय होईल याची खात्री कुणी देत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हवा अगदीच बिघडली, तेव्हा दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-६ खालच्या खासगी गाड्यांना दिल्लीत प्रवेश बंद केला गेला.

आता आमच्या गाडीला हे लावून बघा. ती बीएस-४ पेट्रोल. पंधरा वर्षं जानेवारी २०३३ मध्ये पूर्ण होतात. सात वर्षंही उरली नाहीत. भाच्याने ती गुरुग्रामला नोंदवली, तर ती दिल्लीबाहेरची गाडी ठरणार. हवा बिघडली की सीमेवर अडण्याची भीती.

म्हणूनच दिल्लीत जुन्या गाड्या स्वस्त वाटतात. तिथे विकणारा गाडी विकत नसतो, उरलेली वर्षं विकत असतो. आणि तीच गाडी एनसीआरबाहेर गेली की तिचं आयुष्य वाढतं. इंजिन तेच, रंग तोच, फक्त पत्ता बदलला.

आम्ही वसंत कुंजवरून परत येत असताना भाच्याने मारुतीच्या मुख्य कार्यालयाकडे बोट दाखवलं आणि एक गोष्ट सांगितली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. किंमत ४७,५०० रुपये. ते विमान कंपनीत नोकरीला होते. त्यांनी ती गाडी आयुष्यभर विकली नाही. २०१० मध्ये ते गेल्यावर ती ग्रीन पार्कच्या घरासमोर गंजत उभी राहिली. पुढे कंपनीने ती नव्यासारखी करून आपल्या कार्यालयात ठेवली. देशाला गाडी चालवायला शिकवणाऱ्या हॅचबॅकांपैकी ही पहिली, आणि आज ती ज्या शहराची आहे त्याच शहरात रस्त्यावर येऊ शकत नाही.

२०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदता येतं. मग पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत गाडीने राहायचं कुठे? दिल्लीकडे उत्तर नाही. एक मात्र सांगते. तिथल्या हिवाळ्यात शाळा बंद ठेवाव्या लागतात, लहान मुलं खोकत असतात. त्यांच्या आईबापांना हा नियम चुकीचा वाटत नाही, आणि मला त्यांच्याशी भांडता येत नाही.

वेगाच्या गावात

तिसऱ्या दिवशी आम्ही ग्रेटर नोएडाला गेलो. नोएडाहून ॲक्वा लाइन मेट्रो जाते, पुढे टॅक्सी. जिथे २०१६ मध्ये ही गाडी मांडली होती, ते एक्स्पो मार्ट तिथेच. थोडं पुढे, यमुना एक्स्प्रेसवेला लागून, बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत इथे झाली. भाचा तेव्हा शाळेत होता, टीव्हीसमोरून हलला नव्हता. सेबास्टियन व्हेटेल जिंकला. तीन वर्षं शर्यत झाली, तिन्ही वेळा तोच जिंकला आणि मग शर्यत बंद झाली. २०२३ मध्ये मोटारसायकलींची मोटोजीपी आली होती. एरवी पाच किलोमीटरांहून थोडी लांब असलेली ती वाट बहुतेक शांत असते. आम्ही बाहेरूनच बघितली.

शेजारचा यमुना एक्स्प्रेसवे १६५ किलोमीटरचा, आग्र्यापर्यंत सरळ. मोटारींना वेगमर्यादा ताशी १००, धुक्याच्या दिवसांत त्याहून कमी. मी भाच्याला विचारलं, ‘‘२३३चा वेग घेऊन तू करणार काय?’’

तो म्हणाला, ‘‘आत्या, मला २३३ नकोच आहे. बाबांच्या गाडीत बसल्यासारखं वाटतं, म्हणून हवी आहे.’’

मी तिथेच भावाला फोन लावला. लपवाछपवी पुरे झाली होती. सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘जीटीआय? लाल रेघेची? मला आधी का नाही सांगितलंत?’’

कागद आधी, पैसे नंतर

भावाने पहिला प्रश्न कागदांचा विचारला. म्हणून त्या रात्री आम्ही तेच बघितलं. तुम्हीही हे क्रमाने बघा :

– एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, इंधन, बीएस श्रेणी आणि मालकाचा क्रम तपासा. चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवा.
– आरसीवर बँकेचं नाव आहे का? कर्ज फिटलं तरी ते नाव आपोआप जात नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो.
– थकलेली ई-चलनं भरून घ्या.
– जुन्या विम्यात दावे झाले होते का, ते विचारा. अपघात तिथे दिसतो.
– दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर फॉर्म २८ वर आरटीओची एनओसी, हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०.
– गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर तिथली नोंदणी आणि तिथला रोड टॅक्स. आधीच्या राज्याकडे उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण वेळ लागतो. सौदा ठरवण्याआधी आपल्या आरटीओत हिशेब विचारा.
– विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करा.

आमच्या गाडीत दोन गोष्टी निघाल्या. कर्ज तीन वर्षांपूर्वी फिटलं होतं, पण बँकेचं नाव आरसीवर तसंच होतं. शिवाय काही चलनं बाकी होती. गृहस्थ ओशाळले, त्यांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, ‘‘थोडं टोकन देऊन ठेवा, दुसराही एक जण मागे आहे.’’ भाच्याचा हात फोनकडे गेला. मी त्याच्या दंडावर हात ठेवला. कागद साफ होईपर्यंत एक रुपयाही नाही. गाडी हातची गेली तर गेली. त्या रात्री तो माझ्याशी फारसा बोलला नाही.

महिन्याभराने फोन आला. दुसरा गिऱ्हाईक दिल्लीचाच होता. सात वर्षांचा हिशेब करून मागे फिरला होता. बँकेचं नाव निघालं, चलनं भरली गेली, पुण्याच्या आरटीओसाठी एनओसी मिळाली. गाडी भावाच्या नावावर, पुण्याच्या पत्त्यावर घ्यायचं ठरलं. पैसे भाच्याचे आणि थोडे भावाचे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भाऊ दिल्लीला गेला. त्या जोडप्याने गाडी धुऊन ठेवली होती. किल्ली देताना गृहस्थांनी एकच विनंती केली, कधीतरी फोटो पाठवत जा. मग बापलेक जयपूर, उदयपूर, सुरत करत निघाले. रात्रीचे मुक्काम करत, मर्यादेतल्या वेगाने, आळीपाळीने चालवत. वर्षभर एकमेकांशी बोलले नसतील तेवढं त्या प्रवासात बोलले असावेत, असं वहिनी म्हणते.

आता पुण्याच्या घरी दोन पोलो शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक चाकणची, एक परदेशातली. आरटीओचे सोपस्कार चालू आहेत. भाचा सुट्टीला येतो तेव्हा जीटीआय बाहेर निघते. मला न्यायचं असेल तर मात्र चाकणची काढतात, कारण गुडघा अजून तोच आहे.

तुम्ही जाहिरात बघाल तेव्हा किंमत आणि वेग आधी दिसतील. तुम्ही आधी तारीख बघा. ती गाडी तुमच्या पत्त्यावर किती वर्षं जगेल, तिचं दार कुठे मिळेल आणि मागे कोण बसणार आहे, एवढं घरात सगळ्यांना सांगून, मोकळेपणाने विचारा. परवानगी मिळणार नाही म्हणून ज्यांना टाळतो, तेच कधी कधी अर्धे पैसे घालतात.